शेवटच्या गोळ्याची चानकी

आमच्या ऑफिसातल्या सरांनी जेवायला बोलावलं की आम्ही घरून खाऊन निघायचो. ते वाढायचे नाहीत असं नव्हे. वाढायचे, आणि आग्रहानं वाढायचे, पण त्याआधी त्यांचा नवा व्हिडिओ बघावा लागे. पूर्ण. टीव्हीसमोर सतरंजी अंथरून आम्हाला ओळीनं बसवायचे आणि स्वतः टीव्हीकडे पाठ करून आमच्याकडे तोंड करून बसायचे. कुणाच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते त्यांना बघायचं असे. आता पाऊण तास दोह्यातला एक राउंडअबाउट बघताना माणसाच्या चेहऱ्यावर काय उमटणार? भूक. कुणी मोबाईलला हात लावला की ते व्हिडिओ थांबवायचे, थोडा मागे न्यायचे आणि काही न बोलता पुन्हा सुरू करायचे. माझ्या नवऱ्याला एकदा जांभई आली, तर पंधरा मिनिटं मागे नेला. त्या दिवशी वरण-भात समोर येईपर्यंत मुलीला झोप लागली होती. तिला तसंच खांद्यावर टाकून अल वक्राला घरी आणलं. गाडीत ती अर्धवट जागी होऊन म्हणाली, "आई, व्हाय डझ ही फिल्म नथिंग?"

मी म्हटलं, "विचार त्यांनाच." तिनं खरंच विचारलं, पुढच्या खेपेला. ते रागावले नाहीत. म्हणाले, सगळे सगळं बघतात बाळा, मग उरलेलं कुणीतरी बघायला नको?

ते आणि मी एकाच इंजिनिअरिंग ऑफिसात होतो. मी कागदपत्रं सांभाळायचे, ते प्लॅनिंगमध्ये. म्हणजे कुठलं काम किती मागे पडलंय हे सगळ्या साइट्सना सांगायचं, हीच त्यांची नोकरी. वर्ल्ड कप यायचा होता. समुद्रकिनाऱ्यावर उलटं मोजणारं घड्याळ उभं होतं, आणि ऑफिसात सकाळ-संध्याकाळ एकच धोशा: यल्ला, यल्ला, चला, उरका. नाहीतर मग, इन्शाल्ला, वर्ल्ड कपच्या आधी. या सगळ्या धावपळीत हा गृहस्थ मीटिंगमध्ये शांतपणे चष्मा पुसायचा आणि म्हणायचा, "घाई कुणाला आहे?" बॉस लाल व्हायचा. बरं, त्यांचं वेळापत्रक कधी एका दिवसानंही चुकलेलं नसे, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

मूळचे साताऱ्याकडचे. बायको तिकडे शाळेत शिकवायची आणि इथे यायला साफ नाही म्हणायची. हे वर्षातून एकदा जायचे, परत यायचे, आणि विमानतळावरून मला फोन करून विचारायचे, ताई, मी नव्हतो तेव्हा काय काय पाडलं? पाडायचंच चालू होतं तेव्हा. राउंडअबाउट काढून सिग्नल, जुनी घरं काढून रस्ते. एखादी गोष्ट पाडणार असं कळलं की हे शुक्रवारी गाडी तिथे लावायचे, तिकाटण्यावर कॅमेरा ठेवायचे आणि बसायचे. मग त्यावर मराठीत एकसुरी आवाजात बोलायचे आणि इंटरनेटवर टाकायचे. निबंधच तो. एक होता सावलीवर. दुपारी बसची वाट बघणारी माणसं दिव्याच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक कशी उभी राहतात, आणि सावली सरकली की सगळी रांग कशी न बोलता सरकते, यावर पाऊण तास. मी ऑफिसात त्याची टिंगल केली होती. आता उन्हात कुठे खांब दिसला की आधी त्याची सावली बघते. काय करणार, लावून गेले सवय.

नियम फार. व्हिडिओला गाणं लावायचं नाही. गाणं लावलं की माणूस रडतो, पण कशासाठी रडतोय ते विसरतो, असं म्हणायचे. खाली कुणी काही लिहिलं तर उत्तर द्यायचं नाही. लिहिणाऱ्याचं लिहून झालं, आपण मध्ये पडू नये. राउंडअबाउटच्या व्हिडिओखाली रत्नागिरीच्या कुणा म्हाताऱ्या माणसानं एवढंच लिहिलं होतं की तरुणपणी मी इथे उभा राहून पत्र वाचायचो. हे ते वाक्य आम्हाला पाठ म्हणून दाखवायचे, पण त्या माणसाला साधा नमस्कार नाही केला.

आणि सगळ्यात मोठा नियम: जे झालं नाही ते दाखवायचं नाही. एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यावर त्यांनी व्हिडिओ केला होता. एक मांजर ते पाणी प्यायला यायची, आणि नेमकं कॅमेरा लावला की यायची नाही. भर उन्हाळ्यात हे शुक्रवारमागून शुक्रवार गल्लीत बसलेले. मी म्हटलं, अहो, वाटीभर दूध ठेवा, धावत येईल. माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी ऑफिसचा शिक्का घरी नेला. "येईल ना. पण मग ती दुधाला आलेली असेल, ताई."

असा माणूस. आता मुद्द्याचं सांगते.

त्यांचा सगळ्यात चांगला व्हिडिओ कंपन्यांच्या बसगाड्यांवर होता. इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारवस्तीकडे परतणाऱ्या गाड्या, आणि खिडक्यांना डोकं टेकून झोपलेली माणसं. काचेला टॉवेल लावून उशी कशी करतात, शेजारच्याच्या खांद्यावर डोकं गेलं तर तो खांदा कसा हलवत नाही, असलं सगळं. त्यात एका खिडकीत एक माणूस जागा होता. गळ्यात निळा टॉवेल. कॅमेऱ्याकडे बघत होता, दोन-तीन सेकंद, मग सिग्नल सुटला.

त्या व्हिडिओखाली एका बाईनं लिहिलं. मराठवाड्यातल्या कुठल्याशा गावातून. "दादा, निळ्या टॉवेलवाले माझ्या पोरीचे पप्पा हायेत. लई महिने झाले फोन नाही. जिते हायेत एवढं कळलं. देव तुमचं भलं करो."

ऑफिसात डबा खाताना त्यांनी मला ते दाखवलं आणि डबा झाकून ठेवला. म्हणाले, मी नुसता बसचा व्हिडिओ केला होता. तेवढंच म्हणाले, पण मला त्यांचा चेहरा आठवतो. आपण सहज ठेवलेल्या भांड्यात कुणाचं हरवलेलं काही सापडावं तसा झाला होता.

त्यांनी त्या माणसाला शोधून काढलं. मूळ चित्रणात ती बस पुढे एका संगमरवर कापायच्या दुकानापाशी थांबताना दिसत होती. समोर एका केरळी माणसाची चहाची टपरी. हे दर शुक्रवारी तिथे करक, म्हणजे इकडचा कडक दुधाळ चहा घेत बसायला लागले. विचारलं कुणालाच नाही, नुसते बसायचे. बसण्यात त्यांचा हात कोण धरणार? शेवटी तो माणूसच त्यांच्यापाशी आला. म्हणाला, तुम्हीच का ते कॅमेरावाले?

त्याची हकिगत त्यांनी मला दोन-तीन दिवसांत तुकड्यातुकड्यानं सांगितली. ज्या कंपनीनं आणलं ती बुडाली, पासपोर्ट तिथेच अडकला, आणि हा दुसरीकडे बिनकागदाचा राबत होता. तशात गावाकडे बाप वारला. याला जाता आलं नाही. एकुलता मुलगा, खांदा द्यायला, अग्नी द्यायला चुलतभाऊ उभा राहिला. त्यानंतर यानं घरी फोन केला नाही. बायकोवर राग नव्हता, काही नव्हतं. लाज होती. आणि आता तो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर फिरत होता. लोक म्हणत होते, बाप मेला तरी आला नाही आणि बघा, गाडीत बसून कसा हवा खातोय.

"माझं तोंड काढा त्यातून, सायेब," तो म्हणाला होता. "इथं कुणी वळखलं तर धरतेल. आन् तिकडं मला तोंडच नाही."

बायकोला फोन कर, यांनी सांगितलं. स्वतःचा फोन पुढे केला. त्यानं हात मागे घेतला.

यांनी घरी येऊन व्हिडिओच काढून टाकला. तोंड पुसट करून ठेवता आला असता, मी तसं म्हटलंही. नाही म्हणाले, झोपलेल्या इतक्यांना विचारलं नव्हतं, जाग्या असलेल्यानं नको म्हटलं, खलास. पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. व्हिडिओबरोबर त्याच्या खाली लिहिलेलं सगळंही जातं. तिचे शब्दही गेले, आणि तिला परत गाठायची वाटही. इतकी वर्षं हे काम करणाऱ्या माणसानं ही चूक करावी! मग सावलीच्या जुन्या व्हिडिओखाली तिचं वाक्य आलं. "दादा, ते कुठं गेलं? मी रोज बघत होते."

उत्तर द्यायचं नाही हा नियम. आणि द्यायचं म्हटलं तरी सगळ्या जगासमोर काय देणार? सापडला, पण बोलायचं नाही म्हणतो? मी म्हटलं, सर, आता काय करणार? चष्मा पुसत राहिले. घाई कुणाला आहे, असं काही त्या वेळी म्हणाले नाहीत.

पुढच्या महिन्यात त्यांचा नवा व्हिडिओ आला: ज्वारीचं पीठ आखातात येईपर्यंत जुनं होतं, म्हणून भाकरी थापताना तुटते, त्याचं काय करावं. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, झालं, आता हे पाककृती करायला लागले. मग बघितला. कुणाचंही तोंड नाही. एक गॅस, एक परात, आणि दोन हात. डावखुरा माणूस भाकरी थापत होता. डाव्या हाताची करंगळी वाकडी. आमच्या सरांचा आवाज मागे पिठाच्या जुनेपणावर बोलत होता आणि ते हात काम करत होते. शेवटी परातीत उरलेल्या एवढ्याशा गोळ्याची त्यानं चानकी केली, घरात लहान मूल असलं की करतात ती छोटी भाकरी, आणि मधोमध अंगठा दाबून खळी पाडली. इंडस्ट्रियल एरियातल्या त्या खोलीत सगळे बाप्ये. चानकी खाणारं कुणी नव्हतं.

तिचं लिहिणं दुसऱ्या दिवशी आलं. नाव नाही, गाव नाही, पोरीचे पप्पा नाहीत. शहाणी बाई. एवढंच: "पीठ सैल झालंय. उकळतं पाणी घालून मळा म्हणावं."

सरांनी ते शुक्रवारी त्याला वाचून दाखवलं. तो भिंतीकडे तोंड करून बसला. मग म्हणाला, तिची आई बी असंच टोचून बोलायची. आणि उठून पाणी उकळायला ठेवलं.

मग ते सुरूच झालं. पिठल्यावर एक निबंध, ठेच्यावर एक, तव्याच्या काळेपणावर एक. लोक आपले भोळेपणानं बघायचे. पुण्याच्या एका आजोबांनी ज्वारीच्या वाणांवर लांबलचक मजकूर लिहून पाठवला. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, चारचौघांत, त्या दोघांचा संसार चाललेला. मीठ कमी पडलंय. तवा घासा. हात भाजला का, पट्टी दिसते. पोरगी म्हणते चानकी लहान झाली. की पुढच्या खेपेला चानकी मोठी. मी ऑफिसात कामं टाकून ते वाचायचे आणि खरं सांगते, डोळे पुसायचे. नवऱ्याशी माझं त्या दिवसांत भांडणच झालं नाही. फोन मात्र तो माणूस करेना. करतो, इन्शाल्ला, म्हणायचा. सर म्हणायचे, हातानं बोलायला लागलाय, तोंडानंही बोलेल.

नाही बोलला. वर्ल्ड कपचं वर्ष उजाडलं. कामं संपत आली, कंपन्या माणसं परत पाठवायला लागल्या, आणि इंडस्ट्रियल एरियातल्या जुन्या इमारती रिकाम्या व्हायला लागल्या. एका शुक्रवारी सर गेले तर त्या खोलीला बाहेरून कुलूप. फोन बंद. संगमरवराच्या दुकानवाल्यानं हात झटकले. टपरीवाला म्हणाला, एक गाडी आली, बरेच जण घेऊन गेली. तो त्यात होता की आधीच निघून गेला होता, बघितलं नाही. आम्ही विचारायचं तिथे विचारलं, माझा नवरा ओळखी काढून दोन-तीन ऑफिसांत जाऊन आला. पण ज्याचे कागद नाहीत त्याला कागदांत कसं शोधणार? पुढे तो सापडला का, असं मला लोक विचारतात. नाही. आजपर्यंत नाही. गावीही पोचला नाही.

ती लिहीत राहिली. दादा, आता भाकरी करत नाहीत का? मग, पोरगी विचारते. मग नुसतंच, दादा. सर जेवायचे बंद झाल्यासारखे झाले. आम्हाला जेवायला बोलवायचेही बंद झाले, आणि मला त्या सतरंजीची आठवण यायला लागली, म्हणजे बघा.

त्यातच एका सकाळी त्यांना बोलावून सांगितलं की तुमचं प्लॅनिंग संपलं, शुक्रन, आभारी आहोत. इतक्या वर्षांची नोकरी, आणि एका कप चहाच्या वेळात मिटली. त्यांनी सामान विकलं, गॅस विकला, टीव्ही विकला. आणि एका शुक्रवारी सकाळी आमच्या दारात उभे. हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी.

"ताई, भाकरी शिकवा."

मला हसू आलं. जन्मभर भाकरी खाल्लेला साताऱ्याचा माणूस, थापायची मात्र कधी वेळ आली नव्हती. म्हटलं, वहिनी खूश होतील, या. दोन-तीन शुक्रवार शिकवलं. परातीला चिकटायची, उचलताना तुटायची, तव्यावर पडेपर्यंत भारताचा नकाशा. आणि वर डाव्या हातानं थापायचे. मी वैतागून म्हटलं, उजव्या हातानं धड येत नाही, डाव्याचा हट्ट कशाला? ते थापत राहिले. मग त्यांनी करंगळी मुडपून धरलेली मला दिसली आणि माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"सर, हे खोटं आहे," मी म्हटलं. "मांजरीला दूध ठेवू दिलं नव्हतंत तुम्ही."

"खोटंच आहे," ते म्हणाले. "तवा तापला का?"

शेवटच्या शुक्रवारी कॅमेरा आणला. ओट्यावरचं माझं सगळं सामान बाजूला केलं, खिडकीला पडदा लावला, त्या खोलीत होता तसा उजेड केला. मी मुलीला बाहेर पिटाळलं. सरांनी लांब बाहीचा जुना शर्ट घातला होता. उकळत्या पाण्यात पीठ मळलं. निबंधच नव्हता त्यात, नुसते हात. घामानं चष्मा घसरत होता आणि तो वर करायला त्यांना हात मोकळा नव्हता, म्हणून मी मागून वर केला. एक भाकरी तुटली. दुसरी जमली, फुगलीसुद्धा. मग परात खरवडून शेवटचा गोळा घेतला, चानकी थापली आणि मधोमध अंगठा दाबला.

तिथेच बसून व्हिडिओ चढवला. मी चहा केला, कुणी प्यायलं नाही. भाकऱ्या फडक्याखाली झाकून ठेवल्या होत्या. तिला नेहमी एक दिवस लागायचा. या वेळी दुपारची जेवणं व्हायच्या आत आलं. त्यांनी वाचलं आणि फोन माझ्याकडे सरकवला.

"हे हात ते नाहीत दादा. पण तुम्ही चानकी केली. गरम हाय तवर तुम्हीच खाऊन घ्या."

ते ओट्यापाशी गेले. फडकं बाजूला केलं. चानकी उचलून मधोमध, त्या खळीतूनच मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. आम्ही दोघांनी ती उभ्यानंच खाल्ली, कोरडी. केव्हाच गार झाली होती.